इंजिनाला नारळ

दसऱ्याला आमच्याकडे कोयत्यापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. त्यात माझी पंचवीस वर्षांची पेट्रोल गाडी म्हणजे थोरली सून, तिचा मान वेगळा. बाकीचे लोक चाकापुढे नारळ फोडतात. मी बॉनेट उघडलं, इंजिनावर हळदकुंकू वाहिलं आणि नारळाचं पाणी थेट इंजिनावर ओतलं. राबतं ते इंजिन, चाकं नुसती फिरतात, असा माझा विचार. शहाणपण नको तिथं उतू जातं ते असं.

दुसऱ्या दिवशी गाडी खर्र खर्र करून गप्प बसली.

सोमवारी कल्याणला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मुरबाडहून कल्याणला जीपगाड्यांची कमी नाही, पण माझी आई माझ्याच गाडीतनं जाणार, फळीवर अंग चोरून नाही, असं मी गावभर सांगून बसलो होतो. मेकॅनिक बोलवायचा म्हणजे हार मानायची. मग मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि बाह्या सरसावल्या.

शेजारचे काका शहापूरला एका गॅरेजसमोर चहा पितात. एवढ्या अनुभवावर त्यांनी निदान केलं, "बॅटरी बसली." बॅटरी काढून चार्ज करून आणली. गाडी ढिम्म. कसाऱ्याचा मेहुणा रेल्वेत आहे, त्यामुळे त्याला सगळंच कळतं. तो म्हणाला, "पेट्रोल चढत नाय." नळी काढून फुंकली, तोंडभर पेट्रोल आलं, म्हणजे चढत होतं. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासले. तरी आग धरेना.

शेवटी काकांनी हुकमी पान टाकलं. "नजर लागली रे हिला."

हे मात्र मला तात्काळ पटलं. नारळ आणला, उतरवला, फोडला आणि पाणी पुन्हा इंजिनावर. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आधी ती निदान एखादी उचकी तरी द्यायची, तिसऱ्या नारळानंतर तीही बंद झाली.

आई ओट्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, "जीपनं जाव रे. डोला माजा बरा करायचाय, तुजी गाडी नाय."

सोमवारी सकाळीही गाडी तशीच. मी बायकोला म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं. तासाभरात गाडी घेऊन येतो." बायकोनं आईचा हात धरला आणि दोघी जीपकडे गेल्या.

बाराच्या सुमारास तिचा फोन आला. "आईंना आत नेतायत. त्या विचारतायत, आला का म्हणून."

"निघालोच," मी म्हणालो. तेव्हा माझ्या हातात प्लगचा पाना होता. संध्याकाळी दोघी जीपनंच परत आल्या आणि मी बॉनेटखाली वाकलेलाच होतो. आईच्या डोळ्यावरची पट्टी बघून मला स्वतःची लाज वाटली, पण लाजेनं गाडी सुरू होत नाही.

तीन आठवड्यांनी काळा चष्मा उतरला आणि आईला सगळंच दिसायला लागलं: कोपऱ्यातली जाळी, माझे पिकलेले केस, भांड्यांवरचा साबण. गाडी अजून तशीच बंद पडून होती. एक दिवस ती गाडीपाशी आली, उघड्या बॉनेटमध्ये डोकावली. "ह्या डबीत कुंकू कोनी भरला रे?"

प्लगांना करंट वाटून देणारी ती काळी डबी. झाकणाला तडा होता आणि तड्यातून लाल रेघ आत गेली होती. झाकण उघडलं तर आत नारळाचं पाणी आणि कुंकू सुकून चिकट खळ झालेली. चार दिवस मी त्याच डबीवर वाकून होतो. ते कुंकू मला दिसलं नव्हतं असं नाही. पण कुंकू म्हणजे पूजा, आणि पूजेनं काही बिघडतं हे आमच्या डोक्यात शिरतच नाही. काकांच्याही नाही, रेल्वेवाल्याच्याही नाही.

कोरड्या फडक्यानं डबी पुसली, झाकण बदलून आणलं. चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. मी धावत जाऊन आईसाठी दार उघडलं, आतली सीट झटकली.

"चल, बस."

आई जागची हलली नाही.

"आता कुठं नेतोस?" ती म्हणाली. "गाडी नसती तरी चाललं असतं रे. त्या दिशी तू बाजूला हवा व्हतास."