हाडापर्यंत उतरणारं अ‍ॅसिड

"हिला ग्लोव्हज कशाला? यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कातडीच कमावलीय. अ‍ॅसिड हिला काय करणार?"

कारखान्याचे मालक, आमचे साहेब, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर हे बोलले. पाहुणे हसले. मीही हसले. बार्शीटाकळीच्या चांभाराची पोर, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. हसले.

कारखाना नांदगाव पेठेत. तिथं मशीन टायटॅनियमच्या भुकटीतून माणसाच्या खुब्यात बसवायचे तुकडे छापतं. थरावर थर, आतून सगळी बारीक जाळी. जाळीत अर्धवट वितळलेले कण चिकटून राहतात. कानस आत पोचत नाही. म्हणून तुकडे अ‍ॅसिडमध्ये बुडवायचे. कण झडतात, जाळी गुळगुळीत होते. वेळ चुकली तर अ‍ॅसिड जाळीच खातं. वेळ मी धरायची.

हे अ‍ॅसिड लबाड. अंगावर पडलं तर लगेच आग होत नाही. कातडीतून गुपचूप उतरतं, हाडापर्यंत. ठणका तासांनी लागतो. त्यावरचं मलम लगेच चोळावं लागतं. ते साहेबांच्या कपाटात, कुलपात. "तुम्ही लोक घरी नेता," म्हणायचे.

तुकडे धुणाऱ्या शोभाबाईंचा ग्लोव्ह बोटावर फाटला होता. चार दिवस दुसरा मागत होत्या. त्या दुपारी त्यांनी बोट पुढं केलं.

"पोरी, हे पांढरं कावून पडून राहिलं वं?"

मी धावले. "साहेब, किल्ली द्या!"

त्यांनी मान वर केली नाही. "आधी बॅच काढ. नाटकं असतात या बायकांची."

मी खुर्ची उचलली. कपाटाची काच फोडली. मलम चोळत चोळत शोभाबाईंना ऑटोतून अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. अर्ध्या रस्त्यापर्यंत त्या दुखत नाही म्हणत होत्या. मग किंचाळायला लागल्या.

बोटाचं पेर कापलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टाइप केलेला कागद सरकवला. शोभाबाईंनी ग्लोव्ह स्वतःच काढला होता, असं त्यात. "सही कर. सुपरवायझर करतो. नाही केलीस, तर या एमआयडीसीत तुला कोण उभं करतं ते बघतो."

पेन हातात घेतलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं, करून टाकावी.

"नाही करत. तुमी किल्ली नाही देल्ली."

कागद घडी करून पर्समध्ये टाकला. निघाले, थेट कारखाना निरीक्षकांकडं तक्रार द्यायला.

तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी एक गाडी उभी असते. घरमालकाकडं दोन माणसं माझी चौकशी करून गेली. बाबांचा फोन आला, "वापस ये बाई. मोठे लोक हायेत ते."

"येत नाही, बाबा."

सोमवारी कारखाना निरीक्षकांसमोर माझा जबाब आहे. साहेब समोर बसतील. निरीक्षक आधी नाव विचारतील. पूर्ण सांगीन. आडनावासकट. मग बाकीचं.