पावणेबाराचा खड्डा

डॉक्टरांनी सांगितलं, "अण्णा काय काय विसरतात ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी घेऊन या." यादी करायला मला कुणी सांगावं लागत नाही. भाज्यांची फ्रिजवर असते, कामांची पर्समध्ये. वडिलांच्या विसरण्याची मात्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, साड्यांच्या आड. एक, गॅस चालू राहिला. दोन, करमाडच्या चुलत्यांना एकाच सकाळी तेच विचारायला दोनदा फोन. तीन, मला आत्या समजून हाक मारली.

चौथी नोंद माझ्या मुलीमुळे झाली. ती पुण्यात भौतिकशास्त्र शिकते. तिचा प्रकल्प दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा होता. ग्रह दिसत नाही, पण तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो. अवकाशातली दुर्बीण तो उजेड सतत मोजते आणि त्याचा आलेख निघतो. रेघ चालता चालता थोडी खाली जाते आणि परत वर येते. असे खड्डे ठरावीक दिवसांनी आले तर तिथं ग्रह असण्याची शक्यता. मुलीला बघायचं होतं की कॉम्प्युटरला जे खड्डे सापडतात, ते नुसत्या डोळ्याला सापडतात का.

डोळा घरातच होता. अण्णांनी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलरच्या तापमानाचे कागद वाचले होते. कागद सरकायचा, पेन रेघ ओढायचं, आणि रेघ कुठं बिघडली ते अण्णा सांगायचे. दिवाळीच्या सुट्टीत तिनं त्यांना लॅपटॉपवर एक आलेख दाखवला.

"ह्यो खड्डा हाय," अण्णा म्हणाले. "ह्यो नाय. ही पेनाची थरथर."

"आजोबा, इथं पेन नाहीये."

"मंग दुर्बिणीची. थरथर ती थरथरच."

मी औरंगपुऱ्यातल्या दुकानातून वीस ताऱ्यांचे आलेख लांब पट्ट्यांवर छापून आणले, नंबर घालून फाईलला लावले. दुपारी जेवण झालं की अण्णा टेबलावर पट्टी पसरायचे, फूटपट्टी घ्यायचे आणि चहापर्यंत वाचत बसायचे. कितव्या दिवशी खड्डा, ते वहीत लिहायचे. संध्याकाळी नातीला फोन करून आकडे सांगायचे, ती तिकडे टाईप करायची. आई गेल्यापासून या घरात अण्णांचा इतका आवाज मी ऐकला नव्हता.

महिन्याभरानं मुलीचा फोन मला आला, ऑफिसच्या वेळेत. आवाज बारीक.

"आई, आजोबांचे काही आकडे चुकतायत. खड्डा नाही तिथं खड्डा सांगतात. सात ताऱ्यांमध्ये झालंय असं. डॉक्टरांना सांगायचं का?"

घरी आल्यावर मी कपाट उघडून लिहिलं : चार, नसलेलं दिसतं. गॅस कुणाचाही राहतो. पण अण्णांची नजर चुकते म्हणजे अण्णाच राहिले नाहीत.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी मी रजा घेतली. यादीला उदाहरण हवं म्हणून मुलीचा तक्ता आणि अण्णांची वही शेजारी ठेवली. वहीत अण्णांच्या शाळेतल्या पद्धतीनं लिहिलेलं : ३।, ७॥, ११॥।. म्हणजे सव्वातीन, साडेसात, पावणेबारा. पुढं सोळा. सगळ्यांत अंतर सव्वाचार दिवसांचं, अगदी बरोब्बर. तक्त्यात मात्र ३.२५, ७.५, १२.२५, १६.

मी दुसरा चुकलेला तारा काढला. मग तिसरा. सातही झाल्यावर फोन लावला.

"पावणेबारा म्हणजे किती गं?"

"बारा आणि पाव."

"कशावरून?"

"पाव-णे. पाव आहे ना त्यात?"

"अगं बाई, बाराला पाव कमी! पावणेबारा वाजले असं ऐकलं नाहीस कधी?"

"आपण अकरा पंचेचाळीसच म्हणतो ना, आई." मग, "सव्वा तरी बरोबर लिहिलाय का मी?"

तिला इंग्रजी शाळेत मीच घातलं होतं. त्याही वेळी कागदावर फायदे-तोटे लिहिले होते. पावकी-निमकीचे पाढे दोन्हीकडे नव्हते.

अण्णा गॅलरीत होते. मी वही घेऊन गेले, सांगितलं. ते पोट धरून हसले. "म्हंजे मी येडा नाय, शाळा येडी!"

तेव्हा मला वहीतल्या प्रत्येक आकड्यापुढची तीन टिंबं दिसली. "ही कशाची?"

"तीनदा मोजलं त्याची."

"प्रत्येक आकडा? कशासाठी?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू कपाटात लिहायलीस ते पाह्यलं मी. इस्त्रीचे कपडे ठेवताना. म्हनलं, आपनच बघावं डोकं कुठवर चालतंय. तीनदा तेच आलं की तीन टिंबं."

त्यांनी वही मिटली. "गॅसचं खरं हाय, माय. ते राहू दे. चौथं तेवढं खोड."

डॉक्टरांनी यादी वाचली, अण्णांना शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. थोडं विसरणं आहे, म्हणाले. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.

त्याच आठवड्यात मुलीनं दुरुस्त तक्ता पाठवला आणि अण्णांना फोन केला. सव्वाचार दिवसांचा तो ग्रह खरा होता, पण नवा नव्हता. फार आधीच सापडलेला.

"मग एवढा खटाटोप कशाला?" मी स्पीकरवर म्हणून गेले.

"थांब गं," अण्णा म्हणाले. फोन तोंडाजवळ नेला. "कोनाला सापडला?"

"परदेशात कुणाला तरी, आजोबा."

"त्यायनला बी सव्वाचारच दिवस आले का?"

"सव्वाचारच."

"मी सांगितलं तेवढेच?"

"तेवढेच, आजोबा."

"मंग झालं तर," अण्णा म्हणाले, आणि खुर्चीत मागं टेकून बसले.