आधी विहिरीच्या मालकाला

“आंधी कोनाले सांगतलं?” कुणीही आपलं संशोधन घेऊन सरांच्या खोलीत शिरलं की पहिला प्रश्न हाच. मग चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. कागद वाचणार नाही, तुम्ही तोंडानं सांगा, असा त्याचा अर्थ.

विद्यापीठातलं संशोधन गावापर्यंत आणि सरकारी कचेऱ्यांपर्यंत पोहोचवायचं, हे आमच्या कार्यालयाचं काम. सर प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. सर मूळचे पिंपळगाव राजा या गावचे. भल्या भल्या प्राध्यापकांना म्हणायचे, “भूजल काय म्हनता हो? पानी म्हना ना.” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चिडवतात, पण आपलं काम आपल्याहून जास्त मनावर घेतात.

एका तरुण संशोधकानं धामणगाव बढ्याच्या पुढच्या एका गावातल्या विहिरी तपासल्या. नळयोजनेसाठी जी विहीर ठरत होती, तिच्यातच फ्लोराइड जास्त निघालं. असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की दात जातात, हाडं आखडतात. पोरगा तळमळीचा. त्यानं नकाशा काढला, त्या विहिरीवर लाल ठिपका दिला आणि थेट ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवला.

झालं. विहिरीच्या मालकाच्या घरी कुणी चहा घेईना. मालक चिडून तपासणीच खोटी म्हणू लागले आणि अर्धं गाव त्यांच्या बाजूनं झालं. जिल्हा परिषदेची बैठक तोंडावर होती. आता तीच विहीर मंजूर होणार आणि तेच पाणी घरोघर जाणार, अशी चिन्हं दिसू लागली.

सर पोराला रागावले नाहीत. “नकाशा बरोबर हाये. भित चुकली,” एवढंच म्हणाले आणि आम्हाला घेऊन गावात गेले.

मालकाच्या ओसरीत बसल्या बसल्या त्यांनी चहा मागितला. मालकीणबाई कप घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. “दर उन्हायात साऱ्या गावाले पानी देल्लं आमी. आता आमीच जहर पाजलं म्हनतात लोकं.”

सरांनी कप घेतला. पीकपाण्याच्या गोष्टी काढल्या. फ्लोराइडचं नाव नाही. शेवटी मालकच म्हणाले, “मले काऊन नाही सांगतलं आंधी?”

“चुकलं आमचं,” सर म्हणाले. “पन दादा, ते जमिनीतून येते. तुमच्या हातातून नाही.”

मालकांनी बैठक कधी आहे ते विचारलं.

बैठकीत सर मागच्या रांगेत बसले. उठले ते मालक. “इहीर माही हाये. पानी गोड लागते, म्हनून कोनाले समजलं नाही. शेताले राहू द्या. पेयाले दुसरीकडून आना.” जिल्हा परिषदेच्या साहेबांनी आमच्या अहवालाचं पान उलटलंही नाही. विहीर बदलली.

योजना पूर्ण व्हायला वेळ लागला. तोवर सर निवृत्त झाले आणि एका हिवाळ्यात गेले. मला अजूनही त्यांची फार आठवण येते.

यंदा त्या गावात गेलो. अंगणात नळ आला होता. मालकीणबाई पाणी भरत होत्या. “सरले काऊन नाही आनलं? नुसता चहा पेले त्या दिवशी. आता आमच्या घरचं पानी पाजतो म्हना त्याइले.”

त्यांना कुणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं.

त्यांनी नळ बंद केला. आतून पेला आणून हंड्यात बुडवला. मग भरलेला पेला माझ्यापुढे धरला. सरांच्या वाटचं ते पाणी मी प्यालो.