एकादशीच्या दिवशीची हजेरी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. हायस्कुलात फिजिक्स शिकवतो. तरीही या मासिकासाठी हे लिहितो आहे, कारण ते फार वर्षं मनात डाचतं आहे...

वीसेक वर्षांपूर्वी खानदेशातल्या रनाळ्याहून पुण्याच्या कॉलेजात आम्ही दोघेच होतो — मी आणि भिका. हजेरी कमी भरली की टर्म जायची, मग युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसता येत नसे. ऐन टर्मच्या अखेरीस भिकाला ताप भरला, त्याला गावी न्यावं लागलं. जाताना एवढंच म्हणाला, "मन्ही हजेरी देजो भाऊ. वरीस वाया जाई."

तो ‘प्रेझेंट’ला ‘प्रेजंट’ म्हणे, वर्ग हसे. मीही हसत असे. माझी बोली मी केव्हाच लपवली होती. आता त्याची नक्कल करून मी त्याची हजेरी देऊ लागलो.

आणखी एक हजेरी हुकली तर त्याची टर्म जाणार, अशी पाळी आली. आणि नेमकं त्याच दिवशी प्रोफेसरांनी सांगितलं — दुसऱ्याची हजेरी देणाऱ्याची स्वतःची टर्म जाईल. त्या दिवशी एकादशी होती. खानावळीत साबुदाणा होता, म्हणून लक्षात आहे. दुपारी, टर्मच्या अगदी शेवटच्या तासाला, भिकाचा नंबर पुकारला गेला. मी खाली बघत गप्प राहिलो.

मागच्या बाकावरून आवाज आला, "प्रेजंट, सर."

प्रोफेसरांनी खूण केली आणि ते पुढच्या नंबराकडे वळले. मी मागे पाहिलं — बाक रिकामा. शेजारचा कुजबुजला, "आज अगदी हुबेहूब जमलं हं, खानदेश."

सुट्टीत रनाळ्याला गेलो. भिका बरा होऊन ओट्यावर बसला होता. त्याच्या आईने विचारलं, "भाऊ, ‘प्रेजंट सर’ म्हंजे काय रे? एकादशीना दिन दुपारले हाऊ तापमा उठी बसना, तेवढंच बोलना, नि परत आडा पडना."

भिकाला यातलं काही आठवत नव्हतं. तो हसून आईला म्हणाला, "हाऊ व्हता म्हनीन मन्ही टर्म वाचनी."

आज तो नंदुरबारला वकील आहे. लग्नकार्यात भेटला की चारचौघांत हेच सांगतो आणि मी मान खाली घालून ऐकतो. त्या दिवशी मी तोंड उघडलंच नव्हतं, हे त्याला कधी सांगितलं नाही. तो आवाज कुठून आला, याचं उत्तर माझ्या फिजिक्समध्ये नाही.

हे मासिक त्याच्याकडेही येतं.