हजर साहेब

माझ्या भावाबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी त्याला पाण्याचंही विचारत नाही, आधीच सांगून ठेवते. कौतिक माझा धाकटा भाऊ. स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी बैलगाड्यांच्या शर्यतीत भांडण पेटलं आणि या तापट माणसानं गाडीची लोखंडी खीळ झुलालला हाणली. झुलाल आमच्याच गावचा. त्याचा डावा डोळा गेला, कौतिक धुळ्याच्या जेलात गेला. भावाची बाजू घेत नाही मी. मारलं ते मारलंच.

लोक अजून विचारतात, "झुंबरबाई, जेलात माणूस सुधरतो का हो?" मी म्हणते, "तुम्हीच जाऊन बघा की!" कौतिक सांगायचा, "अक्का, तिथं सतरंजी विणायला शिकवलं. राग गिळायचं माझं मलाच शिकावं लागलं." सुटून आला तो नांगर घेऊन थेट झुलालच्या शेतात. झुलालनं दगड मारून हाकललं. हा परत गेला, दरवर्षी गेला. एका साली झुलालनं बांधावर पाण्याचा तांब्या ठेवला.

गावाचं मात्र काय सांगू! कौतिकनं घरी माग टाकला. त्याच्या सतरंज्या धुळ्याच्या बाजारात हातोहात जायच्या, पण गावात एकानं घेतली असेल तर शपथ. लग्नाकार्यात त्याला कुणी बैठकीवर या म्हणायचं नाही. तोही मुकाट्यानं कडेला, जमिनीवर बसायचा. सरकारची शिक्षा संपली, गावाची संपेना!

त्यापायी त्याच्या पोरीची, ताईबाईची, दोन स्थळं मोडली. तिसरं आलं पहूरकडचं. मगन मध्यस्थ. तो म्हणाला, "जेल हा शब्द तोंडातून नको. हेही उठून गेले तर पोर घरातच राहील." कौतिक म्हणाला, "विचारलं तर खोटं बोलणार नाही."

सुपारी फोडायच्या दिवशी मी मुद्दाम कौतिकनं विणलेली मोठी सतरंजी अंथरली. पाव्हणे बसले, नक्षी वाखाणली. कौतिक आपला भिंतीकडेला, जमिनीवर. मुलाचे आजोबा अभिमन आबा त्यांच्या गावचे पोलीसपाटील. सुपारीची वेळ झाली तशी त्यांनी सवयीनं खणखणीत हाक मारली, "कौतिक तोताराम!"

माझा भाऊ ताडकन उठला. पाय जुळवले, हात मांड्यांना चिकटवले, मान खाली. "हजर साहेब!"

मेली ती सवय! पोलीसपाटलाला काय सांगायला लागतंय?

"कुठल्या जेलात होतास?" आबांनी विचारलं.

"धुळ्याच्या. एकाचा डोळा फोडला होता."

मगननं कपाळावर हात मारला. आत ताईबाई रडायला लागली. मग माझ्यानं राहवेना. "हो, फोडला! आणि भोगून आला! तुम्ही बसलात ना आबा, ती सतरंजी त्यानंच विणली. टोचतेय का?"

आबा माझ्याकडे बघेचनात. "कोणाचा डोळा?" त्यांनी विचारलं.

"माझा," सतरंजीवर बसलेला झुलाल म्हणाला.

"आणि तू आज इथं?"

"पोरीच्या सुपारीला बोलावलंय मला, का येऊ नको? आबा, डोळा गेला त्याचं दुःख माझं. मी बसलोय इथं. तुम्हाला काय झालं?"

आबा सतरंजीवरून हात फिरवत बसले. मग ते मांडी नीट घालून म्हणाले, "बसलो ते बसलो. आता कोण उठतंय?" आणि या खेपेला हळूच हाक मारली, "कौतिकभाऊ, या. सुपारी तुमच्याशिवाय कशी फुटणार?"

कौतिकचे पाय पुन्हा जुळले, तोंड उघडलं. झुलाल थोडा सरकला आणि शेजारची जागा हातानं थोपटली. कौतिकचे हात सैल पडले.

"मी आठेच शे, आबा, इथंच," माझा भाऊ म्हणाला, आणि स्वतःच्या सतरंजीवर झुलालशेजारी जाऊन बसला.