कुस्करलेला घास

माझा धाकटा भाऊ कोणाच्याही हातचा घास घ्यायचा, आणि माय ह्याचं फार कौतुक सांगायची. जन्मापासून त्याचे हातपाय आखडलेले, मान डुगडुगती, बोलणं म्हणजे दोन-तीन आवाज. पण समोर कुणी घास धरला की तोंड कसं उघडायचं, अगदी पाखराच्या पिल्लासारखं, आणि वर हसायचंही. "माझं लेकरू कोणालाच न्हाई म्हणत न्हाई," माय पाहुण्यांना सांगायची. त्याला नाही म्हणताच येत नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिच्या कौतुकाला आडवं कोण जाणार?

मात्र घास कसा द्यायचा, ह्याचा तिचा कायदा कडक होता. ह्याला नीट गिळता येत नाही, अन्न श्वासनळीत जाईल, असं डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलं होतं. मायनं ते आपल्या भाषेत करून घेतलं: कोरडं न्हाई, कडक न्हाई, मोठं न्हाई. भाकरी वरणात भिजवायची, अंगठ्यानं कुस्करून पार लगदा करायचा, त्याची हनुवटी छातीशी टेकवायची आणि बोराएवढा घास तोंडात द्यायचा. नरडं हललं की मग पुढचा. लग्नाच्या पंगतीतून लोक उठून, हात धुऊन, पान खाऊन यायचे आणि माय अजून त्याच्या अर्ध्या भाकरीवरच. कुणी हसलं तर म्हणायची, "तुम्ही जेवा जल्दी. आमाला कुठं गाडी धरायचीय?"

त्या कुस्करण्यावर तो लहानाचा मोठा झाला, त्याच्या कानापाशी केस पांढरे दिसायला लागले.

मग माय अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा ते दोघं कुंभार पिंपळगावाजवळच्या आमच्या गावात राहायचे, वडील कधीच गेलेले. मी दोघांना घनसावंगीला माझ्याकडं आणलं. मी आणि नवरा दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेवर, तो एका गावाला, मी दुसऱ्या. संध्याकाळपर्यंत घराला कुलूप. एक माणूस खाटेवरून उठू शकत नाही, दुसऱ्याला कूस बदलता येत नाही. पगारी बाई ठेवली, ती दिवाळीला गेली ती परत आली नाही. शेवटी दिव्यांगांच्या एका निवासी गृहात भावाला ठेवलं, बसनं तासाभराच्या अंतरावर. जड झाला म्हणून टाकला, असं भावकीत बोललं गेलं. बोलणाऱ्यांपैकी एकानं जरी एखाद्या दुपारी येऊन त्याला भरवलं असतं, तर मी त्याचं निमूट ऐकून घेतलं असतं.

गृह वाईट नव्हतं. चांगलं होतं असंही म्हणवत नाही. माणसं भरपूर आणि सांभाळणाऱ्या बाया तीन. थंडीतसुद्धा आंघोळीला गार पाणी. मी दर रविवारी जायचे आणि स्वतः भरवायचे. त्याच्या खाटेवर भिंतीला मी जाड पुठ्ठ्याची पाटी लावली होती: ह्यांना घास कुस्करूनच द्या, कोरडं काही देऊ नका. "मोठ्या अक्षरात लिव," माय म्हणाली होती, "बाया घाईत असत्यात." बाया पाटी वाचायच्या आणि तसं द्यायच्या. तेवढ्यावर मला रात्री झोप लागायची.

आणि तपासणी आली. गृहाच्या मान्यतेची मुदत संपत होती, ती वाढवायची की नाही हे ठरवायला जिल्ह्याहून साहेब येणार होते. तपासणी म्हणजे काय, हे मास्तरणीला शिकवायला नको. साहेब येणार म्हटलं की आम्ही शाळेत कुंड्या उसन्या आणतो, फाटके तक्ते कपाटामागं सरकवतो, आणि त्या दिवशी मुलांच्या खिचडीत वाटाणा दिसतो. गृहातही तेच चाललं होतं. रंगवाले आले, नव्या चादरी आल्या.

आदल्या रविवारी गृहाच्या अधीक्षकांनी आम्हा पालकांना एकत्र बसवलं. निवृत्तीला आलेला, कायम घामेजलेला माणूस. दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. "जी काय तक्रार आसंल ती मला सांगा," ते म्हणाले. "साहेबांपुढं बिलकुल न्हाई. उद्या मान्यता गेली तर ही माणसं कुठं नेनार तुम्ही? सांगा ना, कुठं?" आसपास दुसरं असं ठिकाणच नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. गार पाण्याचं मीही गिळून टाकलं.

तपासणीच्या दिवशी मी रजा काढून गेले. भिंत पिवळीधमक झाली होती आणि पाटी जागेवर नव्हती. मी बाईंना विचारलं. "रंगवाल्यानं काढली ताई, ठिवलीय बराबर. उंद्या लावते." ठीक आहे, म्हटलं. भावाची दाढी केली होती, अंगात घडी न मोडलेला शर्ट. अंगणात घातलेल्या मांडवात त्याला चाकाच्या खुर्चीत सगळ्यांत पुढं बसवलं होतं. हसतो छान, फोटोत बरा दिसेल, म्हणून. पालकांच्या खुर्च्या पार मागं, मांडवाच्या टोकाला.

साहेब आले. मी मनातून त्यांना नावं ठेवायची तयारी करून बसले होते, पण माणूस निघाला भला. शाल-श्रीफळ घेतलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यांची झाकणं उघडली. संडासातला नळ स्वतः सोडून पाहिला. खुर्ची चढवायचा उतार जास्त उभा आहे, म्हणून अधीक्षकांना तिथल्या तिथं सुनावलं. सकाळी प्रार्थना होते का, बायांना पगार वेळेवर मिळतो का, सगळं विचारलं. आमच्याकडं वळून म्हणाले, "कुणाला काही सांगायचंय?" मागून कुणीतरी बोललं, "समदं बराबर हाय साहेब."

मग पंगत बसली. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदीचा लाडू. अधीक्षक माईकवरून म्हणाले, "साहेबांनी आपल्या हातानं पहिला घास भरवावा, मग आपण सुरुवात करू." ही आपली रीतच आहे. वाढदिवस असो, वास्तुशांत असो, मोठ्या माणसाच्या हातचा घास म्हणजे मान. साहेबांनी बूट काढले आणि माझ्या भावासमोर उकिडवे बसले, म्हणजे दोघांचे डोळे एका पातळीत यावेत. इतका विचार त्या माणसानं केला. आणि ताटातला लाडू उचलून अर्धा मोडला.

मी उठले. "साहेब, नका! कोरडं देऊ नका त्याला!" माईक चालू होता, स्वागतगीत लागलं होतं. मी खुर्च्यांमधून वाट काढत होते, तेवढ्यात अधीक्षक हात जोडून आडवे आले. "ताई, आत्ता न्हाई. तक्रार नंतर. पाया पडतो तुमच्या."

"अहो, तक्रार नाही हो, त्याला..."

"नंतर, ताई, नंतर!"

त्यांच्या खांद्यावरून मला भाऊ दिसत होता. समोर हात आला तसा तो हसला आणि त्यानं तोंड उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या त्या त्याचा चेहरा बघून. मी अधीक्षकांना ढकललं, भावाला माझ्या हातावर पालथं घेतलं, पाठीत धपके घातले, बोटं घालून तोंडातलं ओढून काढलं. बऱ्याच वेळानं त्यानं श्वास घेतला. साहेबांनी स्वतः त्याला उचलून आपल्या गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाचला. मी त्या बाकड्यावर बसून ढसाढसा रडले, आनंदानं.

पण दोन दिवसांनी ताप भरला. चुरा फुप्फुसात गेला होता. जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. नाकात नळी घातली, तिच्यातून दूध जायचं. आता त्याच्यासमोर कुणी घास धरत नव्हतं. तरी मी खाटेजवळ गेले की तो तोंड उघडायचा. मला ते बघवायचं नाही आणि तिथून हलवायचंही नाही. एका सकाळी, फरशी पुसायचं चालू असताना, तो गेला.

मायला मी ताप आला, फुप्फुसं खराब झाली, एवढंच सांगितलं. घासाचं सांगायची माझ्यात हिंमत नव्हती.

गृहात राहणारं माणूस गेलं की चौकशी लागते. चौकशीसाठी जिल्ह्याहून आले ते तेच साहेब. कुंपणानंच शेत खाल्लं आणि आता कुंपणच पंचनामा करणार, असं मी नवऱ्याला म्हणाले. त्या माणसाला काय काय सुनवायचं, ते मी आठवडाभर मनात घोळवलं होतं.

ते आमच्या घरी आले आणि खुर्ची दिली तरी खालीच बसले, मायच्या खाटेशेजारी. माय भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला वाटलं, झोपलीय. मी हळू आवाजात सगळं सांगितलं: पाटी काढल्याचं, मी ओरडल्याचं, अधीक्षक आडवे आल्याचं. त्यांनी एक शब्द न बदलता लिहून घेतलं. शेवटी मी विचारलं, "माझा आवाज तुम्हाला ऐकू आला नव्हता का?"

"आला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, तक्रार आहे. म्हटलं, आधी ह्याला भरवू, मग निवांत ऐकून घेऊ."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. निवांत ऐकून घेणार होता तो माणूस.

"साहेब," खाटेवरून आवाज आला. मायनं तोंड वळवलं नव्हतं. "लेकराला तुमीच भरवलं व्हतं का?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्या पाठीकडं. "हो, आई."

"कुस्करून दिल्तं का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही, आई. मला माहीत नव्हतं."

"त्यानं तोंड उघडलं आसंल."

"हो."

"हसला बी आसंल."

साहेबांनी नुसती मान हलवली. माय हळूहळू, खाटेची कड धरून, आमच्याकडं वळली. मला वाटलं आता ती त्यांना शिव्याशाप देईल, आणि मनापासून सांगते, मला ते हवं होतं.

"मंग तुमाला तरी कसं कळावं, बाबा?" ती म्हणाली. "कोणालाच न्हाई म्हणत न्हाई, म्हणून मीच गावभर मिरवलं. तेवढं एक शिकवायचं राहून गेलं. तोंड मिटायला शिकवायचं व्हतं."