थोरल्या साडूंची शेवंती

आमच्या थोरल्या साडूंइतका काळजी करणारा माणूस निगडीत तर नाहीच, पण तिथून चाकणपर्यंतच्या साऱ्या कारखान्यांच्या पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही. आणि सापडलाच, तर साडू त्याच्याही प्रकृतीची काळजी करत बसतील. एकदा आम्ही सगळे लग्नाला निघालो असताना, गॅस बंद केला की नाही या शंकेपायी त्यांनी तळेगावहून गाडी परत फिरवली. गॅस बंदच होता. पण पुन्हा निघून तळेगावला पोचतो न पोचतो तोच, गॅस बघून येताना कुलूप नीट लावलं की नाही, ही नवी शंका त्यांना आली. अर्थात यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. तीस वर्षं त्यांनी चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे सुटे भाग तपासले. "सीटचं कव्हर चुकलं तर गिऱ्हाईक बोंबलतं, राव," ते मला म्हणायचे. "ब्रेक चुकला तर बोंबलायलासुद्धा उरत नाही." त्यामुळे त्यांच्या कोशात शब्द दोनच, पास आणि रिजेक्ट. आपण सगळे दिवसातून पन्नासदा म्हणतो तो 'चालेल' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नव्हता. कारखान्यात एक सोय असते. माल जरासा चुकला, पण गिऱ्हाइकाला तो तसाच हवा असला, तर गिऱ्हाइकाने तसं कागदावर लिहून सही द्यायची. त्याला डेव्हिएशन म्हणतात. "माझ्या टेबलावरून तीस वर्षांत एक डेव्हिएशन गेलं नाही," हे साडू अशा आवाजात सांगायचे, की ऐकणाऱ्याने आपोआप पाय जवळ घ्यावेत.

खोट दाखवणाऱ्या लाल बाणांच्या चिकटपट्टीचं एक रीळ त्यांच्या खिशात अजूनही असतं. मी नवी गाडी घेतली तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. साडूंनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मागच्या दारावर बाण चिकटवला. बाणाच्या टोकाशी केसाएवढा ओरखडा होता. तो बाण मी काढला, पण आमच्या हिला आता त्या गाडीत तेवढा ओरखडाच दिसतो.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसल्यावर काय होणार, हे ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, वेळीच ओळखलं. पहिल्याच आठवड्यात चकल्यांवर बाण लागले, तेव्हा त्यांनी वाकडला रविवारी चालणाऱ्या एका वर्गात नवऱ्याचं नाव घातलं. तिथे आयटीतली पोरंपोरी हौसेने चामड्यावर नक्षीकाम शिकत. पोरांनी दोन तासांत किल्ल्यांची पाकिटं केली, फोटो काढले आणि कॉफी प्यायला गेली. साडू घरी आले ते एक पाकीट आणि त्यातल्या अठरा चुकांची यादी घेऊन. त्या दिवसापासून बाल्कनीत ओट्याच्या उरलेल्या ग्रॅनाइटचा तुकडा, लाकडी हातोडी आणि लोखंडी ठशांची रांग मांडली गेली.

खरं तर चामडं हे साडूंसारख्या माणसाने हातात धरूच नये. कोरं चामडं काही विसरत नाही. ओलं असताना नुसतं नख लागलं तरी त्याचा व्रण कायमचा. सुरीची रेघ एकदा गेली की गेली, ठसा एकदा बसला की बसला. म्हणून त्यांनी दाराशी दोरीला नेलकटर टांगलं. नखं कापल्याशिवाय पाहुण्याला बाल्कनीत प्रवेश नाही. पंखा बंद, कारण वाऱ्याने चामडं एका कडेनं आधी वाळतं. ठसे मारण्याआधी चामडं स्पंजाने भिजवायचं आणि मूळ रंगावर येऊ लागेपर्यंत थांबायचं. पण नेमकं किती, हे हाताला कळत नाही, गालाला कळतं. गालाला लावून गार लागलं की काम सुरू. साडू डोळे मिटून दर पाच मिनिटांनी चामड्याचा तुकडा गालाशी धरून बसलेले असत. "बत्तीस वर्षांत माझी कधी एवढी चौकशी झाली नाही," ताई चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, आणि साडू न हलता उत्तर द्यायचे, "बोलू नकोस, वाफ लागते."

बरं, वस्तू झाली म्हणजे झाली असं नाही. पुढे चाचण्या. रंग उतरतो का हे बघायला पट्टा दोन दिवस मिठाच्या पाण्यात, आणि ते पाणी स्वयंपाकघरातल्या काचेच्या बरणीत, लोणच्याशेजारी. एकदा मी डाव्या बाजूला वाढून घेण्यासाठी नेमका त्याच बरणीत चमचा घातला होता. या सगळ्यातून एखादी वस्तू जिवंत बाहेर पडलीच, तर साडू तिच्यावर भिंग धरायचे, सुस्कारा टाकायचे, लाल चिठ्ठी बांधायचे आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावायचे. रिजेक्ट माल चांगल्यात मिसळता कामा नये, हा कारखान्याचा नियम. घरात चांगला माल असा नव्हताच, पण कुलूप होतं. चार वर्षांत ती ट्रंक भरत आली. त्यात माझं एक पाकीट आहे, माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरासकट. मी ते एकदाच, लांबून पाहिलं आहे.

आणि अशात आमच्या सासूबाईंनी फोन ठेवायला पिशवी मागितली.

सासूबाई मूळच्या चाकणकडच्या. कंपन्या यायच्या आधी तिथे त्यांची शेवंती असायची. पहाटे फुलं तोडून त्या स्वतः बाजारात बसायच्या. आता त्या आमच्याकडे पुनावळ्याला असतात. साखरेनं त्यांचा डावा डोळा गेला होता आणि उजवाही हळूहळू मावळत होता. बटणांचा फोन कुठेतरी राहायचा आणि त्या घरभर चाचपडत फिरायच्या. "गळ्यात आडकवाया एक पिशवी करा, जावईबापू," त्या साडूंना म्हणाल्या. "वर शेवंती काढा. हाय तवर बघून घेते."

साडू घाबरले. त्यांनी तगर सुचवली. पाच पाकळ्या, सुटसुटीत. सासूबाई म्हणाल्या, "तगर काय, कुंपनाला बी येती." म्हणजे शेवंतीच. शेवंतीला पाकळ्या साठाच्या वर, प्रत्येक पाकळीला सुरीची रेघ, रेघेच्या कडेने ठसे, आणि त्यातला एक चुकला की सगळं फूल ट्रंकेत. पहिली शेवंती तेराव्या पाकळीला गेली, दुसरी चाळिसाव्या. तिसरी पुरी झाली, पण साडूंना ती सूर्यफुलासारखी वाटली. दर आठवड्याला आमची ही ताईंना फोन करायची. आज आईला माझ्या साडीचा रंग कळला नाही. आज आई भिंतीला धडकली. हे ऐकलं की साडूंची हातोडी चुकायची, हातोडी चुकली की पाकळी बिघडायची, आणि पाकळी बिघडली की आणखी दहा दिवस जायचे. हे चक्र आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, पण थांबवायचं कसं ते कोणालाच कळत नव्हतं. मलासुद्धा रात्री झोप लागेना. म्हातारीला फूल दिसायला हवं, एवढीच साधी गोष्ट होती आणि ती होत नव्हती.

शेवटी घोटाळा केला तो मीच. त्या दिवशी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवून मी तसाच निगडीला गेलो. नखं कापली, बाल्कनीच्या दारात उभा राहिलो, आणि आत काय चाललंय हे न बघताच बोलून गेलो, "डॉक्टर म्हणाले, आता फारसं काही हातात नाही." साडूंची हातोडी वर होती. ती खाली आली ती ठशाच्या कडेवर. ठसा घसरला आणि वरची एक पाकळी फुलातून बाहेर आली, बोटाच्या पेराएवढी, जाड, ओबडधोबड. उरलेलं फूल सुरेख होतं, आणि ती शेवटचीच पाकळी होती.

मला वाटलं, ते ओरडतील. पण खिशातून रीळ काढून त्यांनी पाकळीला बाण लावला आणि म्हणाले, "रिजेक्ट. आता हा सेटिंग पीस." कारखान्यात रिजेक्ट तुकडा मशिन जमवून बघायला वापरतात, तसा हा रंग आणि शिलाई जमवून बघायला. बिघडलेल्याचं आणखी काय बिघडणार? त्यामुळे साडूंनी त्या तुकड्यावर पहिल्यांदाच न भिता काम केलं. पिवळा रंग एका हातात दिला. तेल मुरवलं. मेणाच्या दोऱ्याने शिवलं. कडांना डिंकाचं पाणी लावून जुन्या जीन्सच्या चिंधीने त्या अशा घासल्या, की काचेसारख्या गुळगुळीत झाल्या. काम करताना ते चक्क शीळ घालत होते, असं ताई सांगतात. आणि मग त्यांनी त्यावर लाल चिठ्ठी बांधली, ट्रंकेत टाकून कुलूप लावलं आणि नव्या चामड्यासाठी फोन केला.

पुढच्या रविवारी ते चामडं आणायला गेलेले असताना ताईंनी ट्रंक उघडली. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "घेऊन जा. गेटपास माझा." मी चिठ्ठी आणि बाण काढून ती स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि पुनावळ्यापर्यंत चोरासारखा आरशात मागे बघत आलो.

सासूबाईंनी ती खिडकीशी नेली, डोळ्याच्या अगदी जवळ धरली. "पिवळं हाय का?"

"हो, आई."

"पिवळं दिसतंय." बराच वेळ त्या तशाच बघत राहिल्या. "पाकळ्या न्हाई दिसत."

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आत घातला, पिशवी गळ्यात अडकवली आणि फुलावरून बोट फिरवत बसल्या.

संध्याकाळी बेल वाजली. दारात साडू, डोक्यावर हेल्मेट तसंच, चेहरा पांढराफटक. "रिजेक्ट माल गिऱ्हाइकाकडे गेलाय, राव!" ते मला म्हणाले. कारखान्यात याहून मोठं पाप नाही. बूट काढायचं विसरून ते तसेच सासूबाईंसमोर गेले. "आई, ती पिशवी द्या परत. चुकलेली आहे. आठ दिवसांत नवी देतो."

"काय झालंय हिला?"

"एक पाकळी बाहेर आलीय. माझ्या हातून ठसा घसरला."

"ही व्हय?" सासूबाईंचं बोट नेमकं तिथे गेलं. "अवो, हिच्यामुळं तर कळतं, सुलटी बाजू कुठली आन् तोंड कुठलं. बाकीच्या साऱ्या येकसारख्या हायती. ही घावली की फोन घावला. न्हाई द्यायची म्या."

साडू खाली बसले. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "मी उशीर केला, आई," ते म्हणाले. "तुम्हाला दिसायला हवं होतं. मी उगाच पुन्हा पुन्हा करत बसलो." सासूबाईंनी हात पुढे केला. तो साडूंच्या गालाला लागला आणि तिथेच राहिला.

पण नियम तो नियम. थोड्या वेळाने साडूंनी नाक पुसलं, बॅगेतून एक कागद काढला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, की वरची पाकळी बाहेर आलेली असून माल आहे तसा गिऱ्हाइकाला मान्य आहे. आयुष्यातलं पहिलं डेव्हिएशन. सासूबाईंच्या हातात पेन देऊन त्यांनी सहीची जागा बोटाने दाखवली. सासूबाई मन लावून सही करू लागल्या. पहिलं अक्षर मजकुरावर चढलं, पुढची दोन एकमेकांत गेली आणि शेवटचं कागद सोडून आमच्या टेबलक्लॉथवर उमटलं. चौकटीच्या रेघेला सही टेकली म्हणून कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवणारा हा माणूस. त्यांनी तो कागद उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिला.

"चालेल," साडू म्हणाले, आणि कागदाची घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

आता सासूबाईंना तो पिवळा रंगही दिसत नाही. रोज संध्याकाळी सातला गळ्यातला फोन वाजतो. त्यांचं बोट पाकळीवर जातं, त्या फोन काढतात, आणि पलीकडून साडू विचारतात, "आई, शिलाई कुठे उसवली नाही ना?" सासूबाई कडेकडेने बोट फिरवून सांगतात, "न्हाई." मग दोघांनाही बोलायला काही उरत नाही, तरी फोन कोणीच आधी ठेवत नाही.